भरावाची मोजणी

खाडीच्या गाळावर टाकलेला हा मोटरवे
महिन्याला चार मिलिमीटर खाली जातो.
किती गेला ते सांगायचं, एवढंच माझं काम.

पहाटे तीनला एक लेन बंद मिळते,
दोन तास वीस मिनिटांसाठी.
तवीता ट्रकच्या मागच्या पायरीवर बसून
नारिंगी शंकू ठेवत जातो, न बघता,
पंगतीत कुणी मीठ वाढत जावं तसा.
मी तिपाई उभी करतो,
भिंगातून पितळी खिळा हुडकतो,
आकडा लिहितो.
भरती चढते तेव्हा तिवरांच्या मुळांत बुडबुडे येतात
आणि मला वाटतं, रस्त्याने उसासा टाकला.
उसाशाला रकाना नाही.

आमच्या खात्यात
'कुठे पाणी मुरतंय?' हा टोमणा नसतो.
खरंच विचारतात. नकाशा पसरून.

ऑकलंड वाढलं, चाराच्या सहा लेन झाल्या,
आता सहाच्या आठ.
भराव दीड मीटर उचलायचा, समुद्र पुढे येण्याआधी.
काळा दगड रात्रभर येतो,
चिखल तो गिळतो
आणि सकाळी निरागस दिसतो.
फलकावर: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
ही दिलगिरी आता सात वर्षांची झाली,
शाळेत जायला लागली असती.

ते अतातूच्या उतारापाशी झोर्का मात्कोविचचं घर.
तिचा बाप दाल्मेशियाहून आला, त्याने द्राक्षं लावली.
पहिल्या रुंदीकरणात वेलींच्या चौदा ओळी गेल्या.
दुसऱ्यात कोंबड्यांचं खुराडं आणि पेरूसारखं एक झाड,
फेजोआचं, ज्याची फळं
ती अजून शेजारच्यांची चोरून आणते.
तिसऱ्यात तिने आमच्याकडून काहीच मागितलं नाही,
म्हणून आम्ही तिला भिंत दिली.
पाच मीटर उंच, काँक्रीटची,
आतल्या अंगाला नेच्याच्या पानांची नक्षी.

तक्रार आली, आणि पाठवलं मला,
आवाज मोजायचं यंत्र देऊन.
मी म्हटलं, मी उंचीवाला.
साहेब म्हणाला, जवळजवळ तेच.

यंत्र म्हणालं: नऊ डेसिबल कमी. उत्तम.
झोर्काने मला काळा पडलेला पाव दाखवला.
'सव्वापाचला भाजीचा ट्रक चढावर गिअर बदलायचा,
तेव्हा मी पीठ मळायचे.
सातला कमी वीस, शाळेची बस, खोकत.
आठला सगळं तुंबायचं, एकदम शांत,
तेव्हा पाव बाहेर काढायचे.
पन्नास वर्षं घड्याळाला किल्ली दिली नाही, टेपवाल्या.
आता दिवसभर आठच वाजलेले असतात.'

मी वहीत लिहिलं: परिणाम समाधानकारक.
तिने चहाबरोबर तोच पाव दिला,
करपलेली बाजू माझ्याकडे करून.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा खिळे मोजत होतो.
भिंतही खाली जाते, हे कुणाला सांगावं लागत नाही,
गाळ पक्षपात करत नाही.
फक्त सगळीकडे सारखी जात नाही:
एकेचाळीस आणि बेचाळीस नंबरच्या फळ्यांमध्ये
सहा मिलिमीटरची फट.
नियम सांगतो, पाचाच्या वर गेलं की कळवा,
लगेच माणूस येतो, काळा लगदा भरून जातो.

विजेरी फटीवर धरली.
पलीकडे, ओल्या गवतात,
एक मोडकी स्वयंपाकघरातली खुर्ची,
पाठ भिंतीला टेकवलेली.

घड्याळात पाच वाजून चौदा.
तवीता शंकू उचलत उलटा येत होता,
म्हणाला, चल, लेन उघडायची वेळ झाली.
मी थांब म्हटलं. का ते त्याने विचारलं नाही.
चढावर दिवे दिसले,
मग ट्रकने गिअर बदलला, लांब, कुरकुरत,
आणि भिंतीमागे कुठेतरी
दाराची कडी वाजली.

फळी एकेचाळीस: पाच मिलिमीटर, असं मी लिहिलं.
पुढच्या महिन्यात बघू.