काळ, काम, वेग

शिवडीच्या रात्रशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
दिवसा जिथे चौथीची पोरं बसतात
त्या बाकांत गुडघे कोंबून
आम्ही अकरा जण आठवीला बसलो आहोत.
माझं वय त्रेचाळीस. एकाची दाढी पांढरी आहे.

घाडीगावकर सर फळ्यावर गणित उतरवतात :
बारा पुरुष किंवा अठरा स्त्रिया
एक काम चौदा दिवसांत पुरं करतात,
तर आठ पुरुष आणि सोळा स्त्रिया
तेच काम किती दिवसांत करतील?

मी हात वर केला.
सर, कुठलं काम?

खडू थांबला.
कुठलंही, सर म्हणाले. धरून चालायचं.
मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं,
दीडशहाणी.

मी वहीत भाग दिला, अठराला बारानं.
एक पूर्णांक एक छेद दोन.
दीड बाई म्हणजे एक पुरुष.
शिवी नव्हतीच ती.
मागच्या बाकाचं गणित माझ्याआधी सुटलं होतं, इतकंच.

आणि धरून चालणं मला नवीन नाही.
सातवीच्या निकालादिवशी
मी धरून चालले होते की पुढे आठवी असते.
भाऊ दहावीला तीनदा बसला.
मी पास झाले
आणि एकदाच उठले.

रे रोडच्या गाळ्यात मी गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरते.
टेबलाच्या पलीकडे नितेश, तो पण तेच भरतो.
त्याची रोजी सहाशे, माझी चारशे.
(पुन्हा दीड. पुस्तक लिहिणारा
आमच्या गाळ्यात येऊन गेला असणार.)
संध्याकाळी मोजली तर चार-दोन खोकी माझीच जास्त.
शेठ म्हणतो, त्याला घर चालवायचंय.
माझं घर काय उतारावर आहे, शेठ,
आपसूक गडगडत जायला?

नितेश वाईट नाही.
पगाराच्या दिवशी तो माझ्याकडे बघत नाही.

उत्तमचा छापखाना बंद पडला त्याला दोन वर्षं झाली.
मी शाळेला निघाले की तो भांडी घासतो.
आधी दार लावतो, कडी घालतो,
नळ बारीक सोडतो.
भांड्याला भांडं लागू देत नाही.
सातव्या मजल्यावर भिंती पातळ आहेत,
आणि पलीकडे सुर्वे राहतात, जे आयुष्यात कधी
स्वतःचा कप उचलून मोरीत ठेवायला उठले नाहीत.
चोरानं तिजोरी उघडावी
तशी माझा नवरा कढई घासतो.

मला हसू येतं, मग येत नाही.
कडी लावून का होईना
कुणी मला शिकू दिलं असतं तर
मीही शिकले असते, बारीक आवाजात.

केतकी माझी वही तपासते.
आई, एकक लिहायला विसरलीस,
नुसतं नऊ नाही चालत, नऊ काय?
नऊ दिवस, बाई, नऊ दिवस.

सहामाहीला तसंच गणित आलं, आकडे वेगळे.
मी धरून चालले.
दीडनं गुणलं, बेरीज केली, उत्तर चौकटीत लिहिलं,
एकक लिहिलं.
तीन मार्क होते.
तत्त्वासाठी तीन मार्क सोडायची
माझी ऐपत नाही.

पण उजवीकडे समास असतो, वर छापलेलं असतं : कच्चे काम.
तिथे मी पेन्सिलीनं मांडलं :
एक स्त्री.
पहाटे पाचचं पाणी, तीन डबे, खोकी दोनशे दहा,
सासूबाईंचं पथ्य, फळा, पुन्हा कणीक.
गुणिले तेवीस वर्षं.
पुढे पुरुषांचा आकडा लिहायला घेतला
तर समास संपला.
कच्चं काम कुणी तपासत नाही,
सरांनीच सांगितलंय.

घरी आले तेव्हा सव्वादहा झाले होते.
दार लोटलेलं. कडी नव्हती.
आत कढईवर काथ्या फिरत होता,
नळ नेहमीसारखा नाही, जरा मोठा.
वळून न बघता उत्तमनं विचारलं,
वेळ पुरला?

मी चपला काढल्या.
पेपराला पुरला, म्हटलं.