फीत

एकशे बारा कॅसेटी.
खोक्यावर अजून सलाईनच्या बाटल्यांचं नाव.
लेक फोनवर म्हणाली, बाबा, तेवीस किलो,
वर काही नको. टोरंटोत स्वेटर लागतील.

दारव्ह्याचा रेडिओवाला म्हणाला,
कोण ऐकते आता, कंपाउंडर?
प्लास्टिकच्या भावात घेतो.

मग माणिक किनाके आला, सायकलवर.
नावं वाचलीच नाहीत त्यानं.
कव्वाली, खंजिरी भजन, दंडारीच्या तीन रात्री
मीच टेप केलेल्या, मधेमधे कुत्री,
सगळं एकाच भावात.
"मले गाणं नाई लागत भाऊ, फीत लागते.
जवारी निसवली. वारा आला का गुणगुणते थे,
पाखरू बसत नाई."

चारशे म्हणाला. मी साडेचारशे,
उगाच, लाज राखायला.
दिले त्यानं. वर पायलीभर हुरड्याचा वायदा,
मी नसेन त्या महिन्यातला.

एक मागे ठेवली होती.
बी बाजूला पंचफुला गहू निवडताना बोलते,
टेप चालू आहे हे तिला ठाऊक नसताना.
रात्री मशीननं ती खाल्ली.
पेन्सिल घालून फिरवली, तुटली.
सकाळी तीही देऊन आलो.

एसटीतून दिसलं त्याचं वावर,
खुंटापासून खुंटापर्यंत चमचम.
जरा थांबवता का, म्हटलं.
इथं स्टॉप नाही, कंडक्टर म्हणाला.

पाखरं धुऱ्यावरच्या बाभळीत बसून होती, सगळीच.
भ्यालेली, की ऐकत होती,
एवढ्या लांबून कळलं नाही.