ब्युरो

आर्मिटेजबाई गेल्या. घर रिकामं करताना
त्यांच्या भाच्यानं कुंपणावरून विचारलं,
'ब्युरो हवाय का? पैसे नकोत. फक्त उचलून न्या.'

मला वाटवेबाईंचा ऐकू आला,
मिरजेतला, जिन्याखालचा,
बाहेर चपलांचा ढीग.
तिथं एका फायलीत मी होते:
उंची पाच दोन, निमगोरी, चष्मा आहे,
गाण्याची आवड (ही भर बाईंची).
आणि दुसऱ्या फायलीत हडर्सफील्ड,
लोकरीच्या गिरणीत हिशेबनीस, नोकरी कायम.

हा लाकडी निघाला.
झाकण पाडलं की टेबल,
लावलं की रुसलेली जाऊ.

कुंदा न्यू जर्सीहून हसली,
'अगं, ब्युरोत मी मोजे ठेवते. वर आरसा आहे.'
वडिलांना मात्र तो पेपरात भेटायचा.
'आमच्या ब्युरोकडून' असं छापून आलं
की म्हणायचे, म्हणजे कुणाकडूनच नाही.
आणि स्टेशनाजवळ एक आहे, काचेमागे,
पौंड घेऊन युरो देतो,
दोनदा मोजतो, वर बघत नाही.

लायब्ररीत जाडा कोश काढून पाहिला.
मुळात फ्रेंच. मुळात कापड!
जाडंभरडं, लोकरीचं, अंगाला टोचणारं,
हिशेबाच्या मेजावर अंथरायचे.
मग कापडाचं नाव मेजाला लागलं,
मेजाचं खोलीला,
खोलीचं आतल्या साहेबांना.
म्हणजे घोंगडंच की.
म्हणूनच भिजत पडतं.

यांच्या पेन्शनचं पडलंय, चार वर्षं.
हे जाऊन पाच.

आर्मिटेजबाई त्याच गिरणीत रफूवर होत्या,
एकतीस वर्षं.
तुटलेला धागा बोटांना कळतो म्हणायच्या,
डोळे उगाच मध्ये येतात.
खालचा खण अडकला होता. ओढला,
तर आत तपकिरी कापडाचा तुकडा,
सुई तशीच खोवलेली,
रफू अर्ध्यावर.

झाकण पाडून तो अंथरला.
पुरतोय कुठला, तळव्याएवढा.
त्यावर पेन्शनवाल्यांचं नवं पत्र ठेवलं,
मग पेपरवेट,
एरवी आदळते तसाच.

आवाज झाला नाही.