शेरा

अनुक्रमांक एकोणचाळीस. वातबोगदा, लाकडी, नग एक.
मूळ किंमत पुसट.
बडोदा, दांडिया बाजारच्या सुताराने चहाच्या खोक्यांतून उभा केलेला.

मोडीत काढायला मला पाठवलंय.
सोबत मार्तंडराव खानविलकर, वय ब्याऐंशी,
प्रयोगशाळेची किल्ली अजून जानव्याला.

"पंखा जिनिंगच्या कारखान्यातला, पंख सागाचा.
आणि पंखावरचे हे धागे आमच्या हिच्या लोकरीचे.
त्या थंडीत माझी एक बाही राहिलीच."

मी बटण दाबलं, उगाच.
आधी धूळ आली, मग कुणा चिमणीचं अख्खं घरटं,
मग धागे उठले,
सगळे एकाच दिशेला.

मार्तंडरावांनी पंख कलवला. आठ अंश. अकरा.
चौदाला कडेचा एक धागा
मान वळवून उलटा बघू लागला.
"इथे हवा पंख सोडते," ते म्हणाले.
"पण आधी सांगते हो. न सांगता जात नाही."
मग बराच वेळ बोलले नाहीत.

टेबलावरची नोंदवही फडफडत होती.
तिच्यावर ठेवलेलं टर्बाइनचं जळकं पातं
कुठल्या इंजिनाचं, हे त्यांनाही आठवेना.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, भंगार.
खाली, बारीक अक्षरात:
वारा येतो.