पिवळा ठिपका

दुसऱ्यांदा हेड उघडायला घेतलं तेव्हा
हात शहाणे होते, मन मात्र जास्त घाबरलेलं.
पहिल्या खेपेला बोल्ट सगळे एका घमेल्यात टाकलेले,
लांब, आखूड, एकत्र.
या वेळी द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा घेतला,
त्यावर पेनानं हेड काढलं, भोकं पाडली
आणि निघेल तो बोल्ट ज्याच्या त्या भोकात खोचला.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
घमेल्यानं शिकवलं.

गेल्या रविवारी मी काय काय केलं होतं
ते एकेक सुटताना कळत गेलं.
बोल्ट आवळले होते या कडेपासून त्या कडेपर्यंत,
पोत्याचं तोंड शिवावं तसे.
मधून बाहेर जायचं असतं, तेही तीन फेऱ्यांत,
थोडं इथं, थोडं तिथं, भाकरी थापताना जातो तसं.
मला भाकरी येते.
तेवढं सुचलं नाही.
एका कोपऱ्यात गॅस्केट चेपलंच नव्हतं,
तिथून पाणी शिरलं,
आणि डिपस्टिकवर ऑइल आलं
दुधाच्या चहासारखं, सायीसकट.

पलूसच्या पेठेत दस्तगीर स्पेअर्सवाला म्हणाला,
"गॅस्केट परवाच नेलं की, ताई?"
"दुसऱ्या गाडीला पाहिजे."
तो हसला नाही. फक्त काउंटरवरची सिलिकॉनची ट्यूब
उचलून परत कपाटात ठेवली.
"हे नका नेऊ. मागच्या खेपेचं अजून बोटावर हाय तुमच्या."
खरं होतं. बोटावर होतं, आणि चेंबरमध्ये,
ऑइलच्या जाळीत अडकलेले काळे तुकडे,
जे मी सबंध दुपार चिमट्यानं वेचले.

अण्णा ओट्यावर खुर्चीत.
तीस वर्षं ही मारुती त्यांनीच उघडली, त्यांनीच मिटली,
गॅरेजचं तोंड तिला दाखवलं नाही.
आता गुडघे वाकत नाहीत. तोंड चालतं.
"टायमिंगची खूण पुलीवर पिवळ्या रंगानं केलीय मी.
त्याला जुळव, डोळे झाकून."
जुळवली होती. म्हणूनच तर कुंडलच्या चढाला
गाडी खोकली, कार्बोरेटरमधून फटाका वाजवला
आणि जागेवर बसली,
मागं उसाचे चार ट्रॅक्टर, चौघांची चार गाणी.

"जुळवली होती, अण्णा."
"मग तुझंच काहीतरी चुकलं."

आई बॅटरी धरून उभी होती.
दर वेळी तीच धरते. अण्णांच्या वेळीही तीच,
पिठाच्या हातानं,
माझ्या खेपेला सातव्या महिन्यातसुद्धा.
पाना तिनं कधी हातात घेतला नाही.
ती काही बोलली नाही.
फक्त उजेड पिवळ्या ठिपक्यावरून हलला,
एक दात अलीकडे सरकला
आणि तिथंच थांबला.

मी बोटानं काजळी पुसली.
छिन्नीची बारीक खूण.
रंग लावून फसल्यावर, कधीतरी रात्री,
कुणाला न सांगता मारलेली.
रंग पुसायचा राहिला असेल.
किंवा पुसवला नसेल.

अण्णा रस्त्याकडे बघत होते.
"सापडलं का?"
"हो. माझंच चुकलं होतं,"
मी म्हटलं, आणि पट्टा एक दात मागं घेतला.

किर्लोस्करवाडीच्या एका शिफ्टवाल्याकडून
टक् म्हणणारा पाना मागून आणलेला.
मधून बाहेर. तीन फेऱ्या.
रात्री सव्वाआठला गाडीनं पहिल्याच चावीला घेतलं.
मडगार्डवर ठेवलेल्या चहात वलयं उठली,
चहा सांडला नाही.
"मी काय म्हणत होतो?" अण्णा म्हणाले,
"पिवळा बरोबरच आहे."

पुठ्ठ्याची सगळी भोकं रिकामी झाली होती.
तरी घमेल्याच्या तळाशी, गेल्या रविवारचा,
एक बोल्ट. दहाचा.
मी दोनदा गाडीखाली जाऊन आले.
"आण हिकडं," आई म्हणाली.
फडताळातून डालड्याचा जुना डबा काढला,
झाकण उघडून बोल्ट आत सोडला.
आवाजावरून कळलं,
तो एकटा नव्हता.