अनोळखी उपकरण

लेमुय बेटावर जायला फेरीबोट लागते
आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक.
माझ्या पिशवीत सहा राउटर, वायरचं भेंडोळं,
डब्यात गार झालेला बटाटा.
एरास्मो बारिया, वय एकोणऐंशी, शेवटचं घर.
पैसे मुलीने भरलेत, पुंता अरेनासहून;
तिला बापाचा चेहरा बघायचाय.
बाप म्हणतो, चेहरा काय, आहे तोच आहे.

मी खोकं उघडलं. त्याने राउटर तळहातावर घेऊन
मासा घेताना अजमावतात तसं वजन अजमावलं.
"एवढ्याशासाठी बोटीने आलीस?"
पन्नास वर्षं होड्या बांधल्यात त्याने.
उजवा अंगठा अर्धा, उरलेला करवतीला गेला.

कपाटात ठेवू म्हणाला, धूळ नको बसायला.
कपाटात नको, मी म्हटलं. चुलीजवळ नको,
लोखंड लहरी अडवतं. आरशामागे नको.
खिडकीत तर नकोच.
घराच्या मधोमध, उंचावर, मोकळं.
"म्हणजे चर्चच्या घंटेसारखं,"
असं म्हणून तो फळी शोधायला गेला.

फळी ठोकली, वर पाणसळ ठेवली.
नळीतला बुडबुडा मधोमध येईस्तोवर
मला वायर लावू दिली नाही.
लहरींना काय फरक पडतो, मी म्हटलं.
मला पडतो, तो म्हणाला.

मग दिवे. पहिला लगेच लागला. दुसरा विचार करून.
तिसरा इतका वेळ लुकलुकत राहिला
की आमचं माते पिऊन झालं, एकाच नळीने.
चौथा लागला तेव्हा त्याने टोपी काढली,
आणि लाजून पुन्हा घातली.

यात दोन जाळी असतात, मी समजावलं,
एक चपळ, पण भिंत आली की हात टेकतं.
दुसरं सावकाश, पण लांबवर पोचतं.
"धाकटा आणि थोरला," तो पुटपुटला.
मी विचारलं नाही.

नेटवर्कला नाव काय द्यायचं?
त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं:
ओहोटीच्या चिखलात कलंडलेली होडी,
फळ्या सुटलेल्या, आत बगळा.
दोरालिसा. आईचं नाव.
दोघा भावांनी बांधली, मग विकायची की ठेवायची
यावरून जे झालं ते झालं.
भाऊबंदकीला समुद्रसुद्धा पुरत नाही.
नोल्बेर्तोचं घर कुंपणापलीकडे,
पावलं चाळीस, वर्षं अकरा.

पासवर्ड त्याने एका बोटाने टाकला,
दुसऱ्या हाताने झाकून,
पत्त्यांच्या डावात झाकतात तसा.

जूनमध्ये तक्रार आली: संथ चालतंय.
मी पोचले तेव्हा पाचलाच अंधारून आलेलं.
राउटरचं पान उघडलं.
जोडलेली उपकरणं: दोन.
एक त्याचा फोन.
दुसरा बिननावाचा, लांबचा,
एका दांडीवर कसाबसा तगलेला.
कुणीतरी तुमचा पासवर्ड ओळखलाय, मी म्हटलं.
हे बटण दाबलं की तो बाहेर.

त्याने चष्मा शोधला. त्या एका ओळीकडे
हिशेब तपासल्यासारखा बघत बसला.
"आधी किती वेळा चुकला तो?"
ते हे यंत्र सांगत नाही.
"चुकला नसणार," तो म्हणाला.
पलीकडच्या स्वयंपाकघरात दिवा होता.

"त्याला एकच दांडी दिसते?"
एकच.

तो उठला. फळी उपटली,
खिळे सरळ करून दातांत धरले,
आणि कुंपणाकडच्या खिडकीत ठोकायला लागला.
अर्धा सिग्नल बाहेर वाया जातो,
हे मी एरवी सगळ्यांना सांगते.
त्याला सांगितलं नाही.
पाणसळ तेवढी धरून उभी राहिले.