सातशे तास

धैर्यशीलनं लेहहून आणलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून,
तीन दिवस गाडीत, बुटांच्या शेजारी.
"आत्या, जर्दाळू आहे," म्हणाला,
जसं काही रेडकू आहे, दाव्याला बांधलं की झालं.

पाचगावच्या माळावर घर. हातभर मुरूम, खाली खडक.
मी कंबरभर खड्डा घेतला, तळाशी विटांचे तुकडे,
कारण याच्या मुळांना आपला जुलै सोसत नाही.
तरी जुलैत खोडातून डिंक आलाच.
चाकूनं खरवडून मोरचूद-चुना कालवून लावला.
पट्टी बांधताना हात जुन्या सवयीनं वळले.
कुंपणावरून अक्काताई: "सिस्टर, पेशंट कसाय?"

तीन वर्षं नुसती पानं. चकचकीत, बिनकामाची.
पुस्तकात होतं, याला झोप लागते,
सात अंशांखाली, सातशे तास.
मग जाग येते, मग फूल.
आमच्याकडे डिसेंबरात पहाटे चौदा,
आणि दुपारी माणसं बनियनवर.

एकतीस वर्षं मी सीपीआरला रात्रपाळी केली.
दुपारी झोपायची, खिडकीला काळी चादर लावून,
खाली भांडीवाल्याची आरोळी.
शरीराला खोटं सांगता येतं. रोज सांगितलं तर ऐकतं.
(पूर्ण नाही ऐकत. निवृत्तीला सहा वर्षं झाली,
अजून अडीचला टक्क जागी होते.)

म्हणून कार्तिकात पाणी तोडलं,
आणि एका रविवारी स्टुलावर चढून एकेक पान उतरवलं,
देठाशी बोट धरून, डोळ्याला धक्का न लावता.
डोळा म्हणजे फांदीवरचा, पुढच्या वर्षाचा.
संध्याकाळी झाड उघडं.
मला लाज वाटली, त्याची का माझी, कळलं नाही.

दस्तगीर लक्ष्मीपुरीतून लादी आणायचा, भुश्श्यात, पोत्याखाली.
"मयत न्हाई, लगीन न्हाई, सिस्टर, ह्यो बर्फ कुणाला?"
झाडाला, म्हटल्यावर पैसे घेताना थांबला.
दुसऱ्या दिवसापासून दहा रुपये कमी.

बुंध्याभोवती बर्फ फोडून मांडायचा,
अडीचला शाल घेऊन खुर्चीत बसायचं.
दूर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या, टेप मोठ्यानं.
बर्फ वितळताना फार बारीक आवाज करतो.
वहीत तास लिहीत होते, पूर्वी ताप लिहायचे तसे.
मोजून एकशे नव्वद भरले.

होळीच्या आधी उत्तरेच्या फांदीवर अकरा फुलं.
पांढरी, कडेला गुलाबी, जखम भरताना होते तशी.
मधमाशी एकही फिरकली नाही.
काडीला कापूस गुंडाळून मी फूलन् फूल पुसलं.

दहा गळली. एक राहिलं, सुपारीएवढं, मग लिंबाएवढं.
मे संपता संपता सुरीनं सात भाग केले:
वहिनी, अक्काताई, तिची दोघं, दस्तगीर, मी,
आणि एक असाच, ताटलीत.
आंबट. दस्तगीरनं डोळे मिटून चघळलं.
"बर्फाची चव लागत न्हाई," म्हणाला, जरा नाराज.

बी फ्रिजमध्ये आहे,
अंड्यांच्या कप्प्यात, ओल्या वाळूत, वर तारीख.
रात्री पाणी प्यायला उठते
तेव्हा फ्रिज उघडत नाही, माठातलंच पिते.
झोपू दे.